डार्लीननं दिलेलं पत्र

"आज टपाल किती वाजता येईल?" डार्लीननं विचारलं.

"अकराला. रोजच्यासारखं."

"माझ्या जागी ऑर्विल टपाल वाटतोय ना? म्हणजे साडेअकरा धर. वाटेत कॉफी प्यायला थांबतो म्हातारा. मी कधी थांबले नाही." तिनं उशीखाली हात घालून एक पाकीट काढलं. तेवढ्यानंही तिला धाप लागली. "हे आजच्या टपालात जायला हवं, शॅरी. रॉयला आहे."

रॉय म्हणजे तिचा थोरला भाऊ. मोंटानात कुणाच्या तरी गुरांच्या कुरणावर कामाला होता. बापाच्या दफनाच्या दिवशी दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं आणि त्यानंतर तीन वर्षं बोलणं नव्हतं.

"फोन का नाही करत?" मी म्हटलं. "मालकाकडे फोन असेल की."

"फोनवर तो पहिल्या वाक्याला भडकतो आणि मी दुसऱ्या. कागद असला की त्याला भडकायला वेळ लागतो. फार हळू वाचतो तो." ती हसली. मग बोटांवर मोजायला लागली. "आज सोमवार. गुरुवारी त्याच्या हातात पडेल. शुक्रवारी निघेल. शनिवारी दुपारपर्यंत इथं. टॅमीचं काय ते ठरवून टाकायचंय. त्याच्याशिवाय आम्हाला दुसरं कुणी नाही."

मी पाकीट घेतलं. तिची मुलगी टॅमी माझ्या पायाशी बसून लाकडी चमचा चाटत होती. अडीच वर्षांची होती.

"आणि रॉय आला की तुझ्याशीही एक बोलायचंय," डार्लीन म्हणाली. "आधी नाही. तो आल्यावर."

काय बोलायचंय ते मला सांगायची गरज नव्हती. रॉयला तीन मुलगे होते आणि त्याच्या बायकोला, मार्जला, मुलीची हौस होती, हे डार्लीननंच मला कधीतरी सांगितलं होतं. रक्ताचं माणूस येणार, पोरीला गाडीत घालणार आणि मला मात्र छान शब्दांत धन्यवाद मिळणार. मी मान डोलावली आणि खोलीबाहेर पडले.

ही गोष्ट पंचाहत्तर सालच्या ऑगस्टमधली. आज माझं वय ब्याऐंशी आहे, त्यामुळे कुणाला काय वाटेल याची भीती उरलेली नाही. आम्ही तेव्हा नेब्रास्कातल्या एका गावात राहत होतो. गाव म्हणजे एक चर्च, एक धान्याचं कोठार, वीस खाटांचं हॉस्पिटल आणि चहूकडे मका. आमचे हे, म्हणजे डॉक्टर यशवंत टिपणीस, त्या हॉस्पिटलात होते. तिथं यायला अमेरिकन डॉक्टर तयार नव्हते, म्हणून आमची वर्णी लागली. मी तेहतीस वर्षांची होते. दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. घर मोठं होतं, भांडी चकचकीत होती आणि दिवसभर माझ्याशी बोलायला फ्रिज होता.

अशा घरात डार्लीननं मूल आणून ठेवलं. ती टपाल वाटायची. तिकडे खेड्यांतलं टपाल वाटणारे आपल्याच गाडीतून फिरतात, आणि पेट्या रस्त्याच्या उजव्या अंगाला असतात. म्हणून ही बाई उजव्या सीटवर बसायची, डावा पाय पलीकडे ताणून ब्रेक दाबायची आणि डाव्या हातानं गाडी हाकायची. उजवा हात खिडकीतून पेटीत. दिवसाला शंभर मैल ती अशी जायची. माझ्या आईची पत्रं तिच्याच हातून यायची, आणि आलेलं असलं की ती फाटकापासूनच हॉर्न वाजवायची. मी तिचं नाव घेत घेत धावत जायची. तेव्हा ती मला आवडत होती, हे खोटं नाही.

टॅमीचा बाप घोड्यांच्या शर्यतींबरोबर गावात आला आणि त्यांच्याबरोबरच गेला. टॅमी सहा महिन्यांची झाली तेव्हा डार्लीन कामावर परतली. सकाळी पोस्टात जाताना आमचं घर तिच्या वाटेवर पडायचं. "तू तर घरीच असतेस," असं म्हणून तिनं पोर माझ्या हातात दिली. तिचं बोलणं असंच असायचं, सरळ आणि धसमुसळं. मला लागलं ते, पण पोर मी घेतली.

दोन वर्षं सकाळी आठ ते दुपारी तीन टॅमी माझी होती. तेल लावून अंघोळ, मेतकूट-भात, वर साजूक तूप. तिचे केस मी विंचरायची, दोन शिंगं बांधायची. आणि तीन वाजता ती खटारा गाडी वळणावर खडखडली की ही बया तोंडातला घास टाकून दाराकडे पळायची. मी भरवलेला घास माझ्या स्वच्छ लादीवर पडलेला असायचा. डार्लीन धुळीनं माखलेली यायची, पोरीला पोत्यासारखं खांद्यावर टाकायची, वाटेत घेतलेला गार सॉसेज तिच्या हातात द्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅमी यायची तेव्हा शिंगं सुटलेली आणि हनुवटीवर केचप वाळलेलं. मी ते पुसताना दात खायची. त्या बाईनं केलेलं काय होतं? नऊ महिने पोटात वाढवलं होतं, बस. आणि तेवढ्याच एका गोष्टीत मी दोनदा नापास झाले होते.

मत्सर वाटायचा मला तिचा. याला गोड नाव देण्यात अर्थ नाही.

त्या जूनमध्ये तिच्या पोटात दुखायला लागलं. ओझी उचलून असेल म्हणून तिनं महिना काढला. जुलैत ह्यांनी तिला तपासलं, मोठ्या शहरात पाठवलं, तिथून कागद आले. संध्याकाळी घरी येऊन हे बूट न काढताच खुर्चीत बसले. "सव्वीस वर्षांची आहे ग," म्हणाले. "यकृतापर्यंत गेलंय. महिना, दीड महिना." आणि त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? टॅमी आता माझी. हाच आला. रडू त्याच्यानंतर आलं. तेही खरं होतं, पण नंबर त्याचा दुसरा होता.

दोघींना मी आमच्याकडेच आणलं. गावातल्या बायका म्हणाल्या, केवढं मोठं मन. मागची खोली डार्लीनला दिली. तिच्या खिडकीतून आमची टपालपेटी दिसत नव्हती. मक्यापलीकडे हमरस्त्याचा फाटा दिसे आणि तिकडून येणाऱ्या गाडीची धूळ दिसे.

तर मी पाकीट घेऊन बाहेर आले. तिकडे आपलं पत्र पाठवायचं असेल तर ते आपल्याच पेटीत ठेवायचं आणि पेटीच्या बाजूला पत्र्याचा लाल झेंडा असतो तो उभा करायचा. झेंडा उभा दिसला की टपालवाला थांबतो आणि पत्र नेतो. आडवा असला आणि त्याच्याकडे आपल्यासाठी काही नसलं, की तो सरळ निघून जातो. मी पत्र पेटीत ठेवलं. झाकण लावलं. झेंड्याला हात लावला नाही.

ओट्याशी उभी राहून मी खिडकीतून बघत होते. साडेअकराला ऑर्विलची गाडी आली. त्यानं वेग कमी केला, झेंडा आडवा पाहिला आणि निघून गेला.

"गेलं का?" आतून डार्लीननं विचारलं.

"पेटीत टाकलं," मी म्हटलं. खोटं नव्हतं ना ते!

मग मी जाऊन पत्र परत आणलं. कुठं ठेवावं सुचेना. ह्यांच्या हाताला लागू नये म्हणून फळीवरच्या गोड्या मसाल्याच्या डब्यात, पिशवीच्या खाली सरकवलं. उद्या टाकू, असं ठरवलं. मंगळवारीही उद्याच ठरलं.

बुधवारी मात्र मी टाकलं होतं. हे मला नोंदवून ठेवायचंय. रात्रभर झोप लागली नव्हती. सकाळी दहाला मी पत्र काढलं, पेटीत ठेवलं आणि झेंडा उभा केला. अंगावरून भार उतरल्यासारखं वाटलं. परत येऊन टॅमीसाठी भात कालवला आणि तिला बोलवायला मागच्या खोलीत गेले.

डार्लीननं तिला कुशीत घेतलं होतं. दोघी चादरीचा तंबू करून आत बसल्या होत्या. डार्लीन टपाल टपाल खेळत होती. "मिसेस टॅमी, तुमच्यासाठी पत्र!" म्हणायची आणि तिच्या पोटावर एक जुना लिफाफा ठेवायची. टॅमी खिदळत होती. डार्लीनच्या हाताची कातडी पिवळी पडली होती, ओठ सुकले होते, पण आवाज मात्र पहिला होता.

"चल टॅमी, मंमं," मी म्हटलं.

"नको."

"तूप घातलंय. चल."

"नको! तू जा!" तिनं चादर डोक्यावर ओढून घेतली. आणि डार्लीन हसली. वाईट हेतूनं नाही. आजारी बाईला पोरीच्या लाडाचं हसू येणारच. पण मी भाताची वाटी घेऊन दारात उभी होते, आणि मला वाटलं, मरायला टेकली तरी ही माझ्याकडे काही राहू देणार नाही. जाताना पोरीलाही मोंटानाला पाठवून देणार.

मी वाटी ओट्यावर आदळली आणि चपला न घालता रस्त्यापर्यंत पळत गेले. खडी टोचत होती. दूर ऑर्विलच्या गाडीची धूळ दिसत होती. मी झेंडा पाडला, पत्र काढलं आणि पदराखाली धरलं. ऑर्विलनं जाताजाता हात हलवला. मीही हलवला.

त्यानंतर मी पुन्हा ते पत्र बाहेर काढलं नाही.

शनिवारी सकाळी डार्लीन म्हणाली, "माझे केस धुऊन देशील? रॉय आला की पहिलं माझ्या केसांवरून चिडवेल." मी धुऊन दिले. तिनं कामावर जायचा निळा शर्ट मागितला. तो तिच्या अंगावर लोंबत होता. उशा रचून मी तिला खिडकीशी बसवलं. बारा वाजल्यापासून ती फाट्याकडे बघत होती. धूळ उठली की मान ताठ करायची. ट्रॅक्टर निघाला की पुन्हा टेकायची. ह्यांनी चार वाजता तिला दुखण्याचं इंजेक्शन द्यायला सुई काढली तर म्हणाली, "आत्ता नको डॉक. गुंगी येते. तो येईल तेव्हा मी झोपलेली नको."

इंजेक्शन तिनं सातला घेतलं. तोवर तिनं चादरीचा काठ दातांत धरला होता.

रविवारी ती म्हणाली, वाटेत गाडी बंद पडली असेल. सोमवारी म्हणाली, मालकानं सुट्टी दिली नसेल. मंगळवारी काही म्हणाली नाही. त्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन हे म्हणाले, "शरयू, मी फोन करू का त्या माणसाला? पत्र पोचलं नसेल कदाचित."

"तिला विचारा," मी म्हटलं. मला माहीत होतं ती काय म्हणेल.

ह्यांनी विचारलं. मी दाराशी उभी होते.

"माझ्या रस्त्यावरून गेलेलं पत्र हरवत नाही, डॉक," ती म्हणाली. "सहा वर्षांत एक नाही हरवलं. त्याला मिळालंय. वाचूनही यावंसं नाही वाटलं, त्याला फोन करून काय उपयोग?" आणि तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. दोन पावलांवर डबा होता. मी टॅमीच्या दुधाकडे बघत राहिले. ते उतू चाललं होतं, मी गॅस बारीक केला.

शुक्रवारी पहाटे डार्लीन गेली. पत्र माझ्या हातात दिल्यापासून अकराव्या दिवशी. शेवटचे दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती. तरी फाट्यावरून एखादी गाडी वळली की तिच्या पापण्या हलायच्या.

ह्यांनी मोंटानाला फोन लावला. मालकानं रॉयला बोलावून आणलं. दीड दिवसात तो आमच्या दारात होता. दीड दिवसात! तिच्यासारखाच उंच, तिच्यासारखंच सरळ नाक, हातात टोपी. एकटाच आला होता. वाटेत कुठं झोपला नव्हता. सोमवारी दफन झालं. चर्चमध्ये तो सगळ्यांत मागे बसला, पुढे ये म्हटलं तरी आला नाही.

मंगळवारी सकाळी आम्ही तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो. टॅमी अंगणात मांजरामागे धावत होती. रॉय कपातल्या कॉफीत बघत म्हणाला, "तिनं मला एका शब्दानंही कळवलं नाही. एवढा राग होता तिला."

"कळवलं नाही कसं?" हे म्हणाले. "तिनं पत्र लिहिलं होतं तुम्हाला. शरयूनं टाकलं. पोचलं नाही का?"

रॉयनं मान वर केली. "पत्र? मला?"

"दोन आठवडे झाले. रोज वाट बघत होती तुमची."

तो मोठा माणूस टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला. हे उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. बऱ्याच वेळानं तो सावरला. "म्हणजे हरवलं," म्हणाला. "काय लिहिलं होतं ते आता मला कधीच कळणार नाही. पण लिहिलं होतं, हेही कमी नाही." त्यानं रुमालानं नाक पुसलं आणि खिडकीतून टॅमीकडे पाहिलं. "मॅम, मी रात्रभर विचार करत होतो. आमच्याकडे दोन खोल्या आणि तीन पोरं. मार्ज म्हणते घेऊन या, पण या पोरीला तुमचा लळा आहे. काल चर्चमध्ये एवढी माणसं होती, पण ती तुमचा पदर सोडत नव्हती. तुमची तयारी असेल तर तिला इथंच राहू द्या. न्यायाधीशासमोर काय सही लागेल ती मी करतो."

बघा, मी एक शब्द न बोलता सगळं माझ्या पदरात पडलं होतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. गप्प बसले असते तर आज टॅमी माझ्या घरात, माझ्या नावानं असती.

पण माणूस जिंकला की उदार होतो. मला रॉयची दया आली. टॅमी आता माझीच आहे, मग या बिचाऱ्याला बहिणीचं पत्र द्यायला काय हरकत आहे, असं वाटलं. सबबही तयार होती. मी म्हटलं, "थांबा, मी पेटी एकदा नीट बघून येते." बाहेर पडताना फळीवरच्या डब्यातून पाकीट काढलं, पेटीपर्यंत जाऊन आले आणि त्याच्यासमोर ठेवलं. "पेटीच्या मागे गवतात पडलं होतं. पेटीतून घसरलं असणार."

रॉयनं पाकीट फोडलं आणि बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक शब्द मोठ्यानं वाचायला लागला. त्याला तसंच वाचता येत असावं.

"'रॉय, भडकू नकोस, पूर्ण वाच. मी मरतेय. डॉक खोटं बोलत नाही. टॅमी इथंच राहावी असं मला वाटतं, डॉक आणि शॅरीकडे. मार्जला मुलगी हवी होती ते मला माहीत आहे, तिची माफी माग. पण टॅमी पडली, तिला खरचटलं, की ती माझ्या अंगावरून पुढे जाऊन शॅरीकडे पळते. मला त्याचा इतका राग येतो की वाटतं, पोरीला उचलावं आणि कुठंतरी निघून जावं. वर्षभर मी त्या बाईवर जळतेय. पण मी नसले तरी टॅमी पडणारच आहे, आणि तेव्हा जिच्याकडे पळायचं ती बाई जवळ असावी. कोर्टात तुझी सही लागेल. तू हो म्हणेपर्यंत मी शॅरीला काही सांगणार नाही. तिची दोन मुलं गेलीत, तिला तिसऱ्यांदा आशेला लावायचं नाही. आणि तू ये. बाबांच्या दफनाच्या दिवशी बोलले ते मनातलं नव्हतं. लवकर ये.'"

टॅमी माझ्याकडे पळायची? मला तर कायम ती दाराकडे पळतानाच दिसली होती.

रॉय कागद घडी करून परत पाकिटात घालत होता. मध्येच थांबला. पाकीट नाकाशी नेलं. "गवतात होतं म्हणालात ना?" त्यानं विचारलं. "दोन आठवडे? शनिवारी रात्री पाऊस झाला इथं. मी त्यातूनच आलो." त्यानं पाकीट पुन्हा हुंगलं. "याला तुमच्या या खोलीचा वास येतोय, मॅम."

ह्यांनी हात पुढे करून पाकीट घेतलं. त्यांना हुंगायचीही गरज पडली नाही. कोपऱ्यावर मसाल्याचा तेलकट डाग होता. तो मसाला माझ्या सासूबाई दर वर्षी पुण्याहून पाठवायच्या.

"शरयू," हे मराठीत म्हणाले, अगदी हळू, "हे डब्यात होतं?"

मी मान खाली घातली.

"सगळे दिवस?"

"हो."

रॉयला मराठी येत नव्हतं, पण आमची तोंडं वाचता येत होती. "तिनं हे केव्हा दिलं होतं तुम्हाला?" त्यानं मला विचारलं. माझ्याऐवजी ह्यांनी उत्तर दिलं. "जायच्या आधी अकरा दिवस."

"मी दीड दिवसात येतो," रॉय म्हणाला. "ती माझी वाट बघत होती म्हणालात. म्हणजे कशी?"

"खिडकीत बसून," हे म्हणाले. "तुम्ही याल तेव्हा जाग असावी म्हणून इंजेक्शन घेत नव्हती." मग ते उठले आणि खिडकीबाहेर बघत, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. माझी बाजू घ्यायला ते वळले नाहीत, आणि आज मला त्यांचा राग येत नाही.

रॉयचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तिनं लिहिलंय तसं मला करता येणार नाही," तो म्हणाला. "तिला हे माहीत असतं तर तिनं तसं लिहिलं नसतं. पोरीचे कपडे भरा, मॅम."

मी भरले. लहानशी सुटकेस होती, तीत दोन वर्षं मावली. मी पाया पडले नाही, रडले नाही. कुठल्या तोंडानं रडणार? रॉय दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, हातात पेन्सिल आणि पत्राचंच पाकीट.

"काय खाते ती? मार्जला सांगावं लागेल."

मी सांगत गेले आणि तो पाकिटाच्या मागे लिहीत गेला. दूध कोमट लागतं. अंडं उकडलेलं चालतं, तळलेलं नाही. भात दिलात तर मऊ द्या. कानात गार वारा गेला की दुखतात, टोपी घाला. कुत्र्याला घाबरते, गाईला नाही. 'आई गेली' हे तिला कळलेलं नाही, टपाल वाटायला गेली म्हणते. तो प्रत्येक शब्द जपून लिहीत होता. मधूनच "थांबा" म्हणायचा.

"आणि झोपवायचं कसं?" त्यानं विचारलं. "आमची पोरं आपोआप पडतात. ही?"

मी टॅमीचं झबलं घडी करत होते. दुपारचं ऊन पडलं होतं. मला डोळ्यांसमोर मार्ज दिसली, तिच्या मांडीवर टॅमी, दोन मिनिटांत गाढ झोपलेली.

"दूध दिलं की झोपते," मी म्हटलं.

तेवढंच त्यानं लिहिलं आणि पाकीट खिशात ठेवलं. टॅमीला पुढच्या सीटवर बसवलं. तिला वाटलं, आईला शोधायला चाललोत. तिनं मला हात हलवून टाटा केला. गाडी फाटकापाशी मागेपुढे करत वळत होती, मी तीन पावलांवर उभी होते, काच खाली होती. सांगायला भरपूर वेळ होता.

टॅमी दुधानं झोपायची नाही. तिचा डावा तळपाय मुठीत धरून बसावं लागायचं, नाहीतर तास तास रडायची. मला ते पहिल्याच दिवशी डार्लीननं सांगितलं होतं, गाडीतून उतरता उतरता, मी न विचारता.